सत्ताविसावी धाव

समईची एक वात राहू द्या. बाकीचे दिवे मालवा. आरती झाली, प्रसाद झाला, उद्याच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याची तिकिटे तुम्हा विद्यार्थ्यांच्या खिशात आहेत, आणि "काका, तुम्ही आमच्याबरोबर का येत नाही?" असे तुम्ही आज तिसऱ्यांदा विचारलेत. तेव्हा सांगतो. हे माझ्यावर गुदरलेले नाही. व्हर्लिन कोसेक नावाच्या माझ्या मित्रावर गुदरले. शेवटचा थोडा भाग मात्र मी या डोळ्यांनी पाहिला आहे. देवासमोर बसलो आहे, म्हणून पाहिले त्याहून एक अक्षर अधिक सांगणार नाही.

व्हर्लिन हा आपल्या कॉलेजच्या स्टेडियमचा मैदानप्रमुख. गवत पेरणे, पाणी देणे, कापणे, पांढऱ्या रेषा मारणे हे काम त्याने एकतीस वर्षे केले. मी मातीच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक होतो, पीएच.डी.मुळे डॉक्टर. दर वसंतात तो मातीचे नमुने डब्यांत भरून आणी, आणि त्या डब्यांवरून आमची मैत्री झाली. माझ्या खिडकीतली तुळस पाहून तो मला नेहमी चिडवी. म्हणे, "डॉक्टर, तू एका रोपाला पाणी घालतोस आणि वर हातही जोडतोस. मी सव्वा एकर जगवतो, मला कोण हात जोडतं रे?" मी म्हणत असे, सत्तर हजार माणसे शनिवारी तुझ्या गवताकडेच तोंड करून बसतात, आणखी काय हवे. त्यावर तो हसे, आणि बायकोने केलेल्या खसखशीच्या पावांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून जाई.

ते स्टेडियम तुम्ही रोज पाहता, पण ते कसे वाढले हे तुम्ही पाहिलेले नाही. पहिल्या महायुद्धात या कॉलेजची बत्तीस मुले गेली. त्यांच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांनी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी १९२३ साली ते विटांचे बांधले. बत्तीस नावे उत्तर दरवाजावर कोरली. आज त्या दरवाजाखालून जाताना कोणी मान वर करीत नाही. नंतर संघ जिंकू लागला, म्हणून पूर्वेचा मजला चढला. पुन्हा जिंकला, पश्चिमेचा चढला. दिवे आले, धनिकांच्या काचेच्या खोल्या आल्या. यश आले की वीट चढते, आणि चढलेली वीट भरायला पुन्हा यश लागते. ही भूक कधी भागत नाही. फक्त दक्षिणेची बाजू उघडी राहिली होती. कोच रँडल आल्यापासून चार वर्षे आपण घरच्या मैदानावर एकही सामना हरलो नव्हतो. तेव्हा ठरले की आता दक्षिणही बांधून काढायची.

व्हर्लिनचा मुलगा गॅरेट याच संघात होता. एकुलता एक, वीस वर्षांचा, बापासारखाच कमी बोलणारा. बाकीची मुले त्याला माळ्याचं पोर म्हणून हिणवीत. म्हणून पहिल्याच वर्षी त्याने बापाला बजावले होते. ते वाक्य व्हर्लिन मला कौतुकाने सांगायचा: "बाबा, रेषेच्या आत तू माझा बाप नाहीस, हां." मैदानाचा दंडकही तोच होता. सराव चालू असताना पांढऱ्या रेषेच्या आत कोचचे राज्य. माळी, पालक, पाहुणा, कोणीही रेषा ओलांडायची नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या आठ तारखेला, मंगळवारी, पाण्याचा एक नळ फुटला. व्हर्लिनने पोराला हाक मारली आणि पाईप धरायला लावला. पाईप जुळला, पण गॅरेट सरावाला दोन मिनिटे उशिरा पोहोचला. सराव संपल्यावर रँडलने बाकी सर्वांना आत पाठवले आणि त्याला एकट्याला शिक्षा दिली. पूर्वेच्या रेषेपासून पश्चिमेच्या रेषेपर्यंत धावायचे, रेषेला हात लावायचा, वळायचे, पुन्हा धावायचे. अंगावर खांद्यांचे चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण. दुपारचे पावणेचार वाजले होते. पूर्वेच्या रेषेवर रँडल शिट्टी घेऊन उभा होता. पश्चिमेच्या रेषेबाहेर, त्याच नळाच्या खड्ड्यापाशी, व्हर्लिन होता. पाहणारे तिसरे कोणी नव्हते.

संध्याकाळी सहा वाजता गॅरेट इस्पितळात वारला. उष्माघात.

चौकशीत रँडलने सांगितले की पोर दहा वेळा धावले, मग बाकावर पाणी प्यायला गेले, आणि तिथे पडले. व्हर्लिनला विचारले. त्याने लिहून दिले की मी नळ दुरुस्त करीत होतो, मी मोजले नाही.

त्याने असे का लिहिले, हे मी त्याला विचारले नाही. आपल्याकडे म्हणतात, दुःखाने माणूस रडतो. तो रडला नाही. दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तो गवत कापायला हजर होता. त्याच्याशी बोलताना वाटे, आपण एखाद्या रिकाम्या घराची घंटा वाजवीत आहोत. आत वाजते, पण कोणी येत नाही. त्याची बायको डार्लीन हिने त्याला एकदाच विचारले, की तू कुठे होतास. त्याने उत्तर दिले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. दोघे एकाच घरात राहत होते, एवढेच. तो जेवत होता, झोपत होता, रेषा मारीत होता. त्या हंगामातल्या रेषा इतक्या सरळ होत्या की टीव्हीवाल्यांनी त्यांचे कौतुक केले.

ऑक्टोबर संपता संपता क्रीडा विभागाचा डग पेल्टियर त्याला भेटायला येऊ लागला. डग वाईट माणूस नव्हे. त्याला दक्षिणेचा मजला बांधून हवा होता, आणि देणगी देणारे म्हणत होते की आधी हे प्रकरण मिटवा. कागद तयार होता. दहा धावा, पाणी, बाक, तत्काळ मदत. तिथे उभ्या असलेल्या एकमेव साक्षीदाराने खाली सही करायची. त्या बदल्यात नव्या दक्षिण दरवाजावर गॅरेटचे नाव कोरले जाणार होते, आणि चार नोव्हेंबरच्या सामन्यात, मध्यंतराला, तशी घोषणा होणार होती. व्हर्लिन मला म्हणाला, नाव तरी राहील. मी म्हणालो, उत्तर दरवाजावर बत्तीस राहिली आहेत. तरी तो सही करणार हे मला कळले होते.

आता त्या रात्रीचे ऐका. तारीख दोन नोव्हेंबर, गुरुवार. आपल्या पंचांगाने आश्विन वद्य पंचमी. संध्याकाळी हवामानाचा अंदाज बदलला. पारा शून्याखाली चार अंश जाणार असे सांगू लागले. नळातले पाणी काढून टाकले नाही तर पाईप फुटतात. माणूस पाठवण्याइतके मोठे काम नव्हते, म्हणून व्हर्लिन स्वतः गेला. पावणेदहाला गाडी लावली. पश्चिमेच्या बोगद्यातून आत आला. दिवे लावले नाहीत. एका नळासाठी कशाला? चंद्र नुकताच पूर्वेच्या मजल्यावर चढला होता, आणि सगळे मैदान पांढरे झाले होते. दव गोठले होते.

दव गोठलेल्या गवतावर पाय द्यायचा नसतो. पाती काचेसारखी झालेली असतात. पाऊल पडले की मोडतात आणि मरतात. मैदानवाल्याच्या धंद्यातला हा पहिला धडा. म्हणून तो रेषेबाहेरच्या काँक्रीटच्या पट्ट्यावरून चालत खड्ड्यापाशी गेला. गुडघे टेकले. मुख्य चावी बंद केली, तळाची तोटी उघडली. पाणी बुडबुड करीत जाऊ लागले. तो वाट पाहत तिथेच उभा राहिला. पाणी थांबले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

आणि मग त्याला श्वास ऐकू आला.

आधी त्याला वाटले, आपलाच. त्याने आपला श्वास रोखला. तो दुसरा चालूच राहिला. लांबून. पूर्वेकडून.

मग पावले. खिळ्यांचे बूट गोठलेल्या गवतावर कसे वाजतात, ते त्याने मला सांगितले आहे. मीठ दाताखाली यावे तसे.

आवाज पूर्वेच्या रेषेवरून निघाला. मैदान ओलांडून त्याच्याकडे आला. त्याच्यापासून दहा हातांवर, रेषेपाशी थांबला. रेषेला हात लागल्याचा आवाज झाला. वळला. परत गेला.

चांदण्यात सगळे मैदान दिसत होते. त्यावर कोणी नव्हते.

मी विचारले, व्हर्लिन, भीती वाटली का? तो म्हणाला, वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. हात गार पडले होते, तेवढेच कळत होते. आणि तो मोजत होता.

दोन. तीन. शिट्टी नव्हती. शिट्टीची गरज नव्हती.

सात. आठ.

दहा.

दहा झाल्यावर थांबेल, असे त्याला वाटले. त्याने मला शपथेवर सांगितले, की त्या क्षणी त्याने मनात म्हटले, बास, बाळा, कागदावर दहाच आहेत.

अकरा.

पाऊल जड होत चालले. श्वासात शिट्टीसारखे काही वाजू लागले. सोळा. सतरा. आता रेषेला हात लागत नव्हता, हात पडत होता.

बावीस…

तेवीस…

व्हर्लिन पट्ट्याच्या कडेला आला. बुटाचे टोक रेषेपाशी. त्यापलीकडे गवत. पांढरे.

सव्वीस पूर्वेला संपली. आणि सत्ताविसावी निघाली. त्याच्याकडे.

हळू… फार हळू. एक पाऊल. मग काही नाही. मग एक.

मैदानाच्या मध्यावर ती थांबली.

काहीतरी जड खाली आले.

मग…

काही नाही. श्वाससुद्धा नाही.

तो रेषेपाशी उभा राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता आले नाही. एक पाय उचलला होता, म्हणाला. पुढे टाकला नाही. गवत मरेल, हे त्याच्या मनात आले. दुसरे काहीच नाही, फक्त एवढेच, की गवत मरेल आणि शनिवारी सामना आहे. मग तो वळला, पट्ट्यावरून चालत बोगद्यात गेला, गाडीत बसला आणि घरी आला. डार्लीन जागी होती. तो अंथरुणावर पडला आणि त्याला गाढ झोप लागली.

शुक्रवारी त्याने रेषा मारल्या, गवत पाहिले. गवत हिरवे होते. कुठे काही नव्हते. डग कागद घेऊन आला तेव्हा व्हर्लिन म्हणाला, उद्या सकाळी ये, खेळाच्या आधी सही देतो. डग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सत्तर हजार लोक उभे राहतील, व्हर्लिन. तुमच्या पोरासाठी." व्हर्लिनने मान हलवली.

शनिवारी सकाळी सात वाजण्याच्या सुमारास माझ्या घरचा फोन वाजला. मी देवांना स्नान घालीत होतो. व्हर्लिन म्हणाला, "डॉक्टर, ये जरा. गवताला काय झालंय ते तू सांग." आवाज नेहमीसारखाच होता. पूजा तशीच अर्धी ठेवून मी निघालो. अशी पूजा मी आयुष्यात दोनदाच सोडली आहे.

साडेसातला पुरेसे उजाडले होते. व्हर्लिन पश्चिमेच्या पट्ट्यावर उभा होता. शेजारी हिरव्या रंगाचा पंप भरून ठेवलेला. गवतावर कुठे तपकिरी डाग पडला तर सामन्याआधी त्यावर हिरवा मारतात. टीव्हीत बरे दिसते. त्याने हात केला. मी पाहिले.

मैदानाच्या मधल्या भागात पूर्व-पश्चिम तपकिरी ओळी होत्या. ओळी कसल्या, पावले. खिळ्यांच्या बुटांची. गोठलेल्या गवतावर पाऊल पडते तेव्हा काही दिसत नाही. पाते आतून फुटते आणि हळूहळू मरते. मग दोन दिवसांनी पाऊल वर येते. हे मी स्वतः वर्गात शिकवले आहे. गुरुवारी रात्री जे पडले, ते शनिवारी उमटले होते.

ओळी एकमेकींवर गेल्या नव्हत्या. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपासून वीतभर बाजूला होती. मी म्हणालो, असे कोण धावते? व्हर्लिन म्हणाला, "माझं पोर. लहान असताना मीच सांगितलं होतं त्याला. एकाच वाटेनं पळायचं नाही, गवत झिजतं." आणि मग, मैदानाकडे पाहतच, त्याने मला गुरुवारची रात्र सांगितली, जशी मी तुम्हाला आता सांगितली.

सांगून होते तोच डग आला. त्याने ओळी पाहिल्या. त्याला वाटले, कोणी वात्रटपणा केला. तो म्हणाला, "पटकन हिरवं मारा. दहाला टीव्हीवाले येतायत. आणि हा कागद."

व्हर्लिनने कागद घेतला. पेनही घेतले. बराच वेळ वाचीत राहिला. मग म्हणाला, "सव्वीस."

डगला कळले नाही.

"सव्वीस धावला. सत्ताविसाव्याला पडला. बाकावर नाही, मधोमध. पाणी कुणी दिलं नाही. तो पडल्यावर रँडल घड्याळ बघत उभा होता आणि मी इथं उभा होतो. अकरा मिनिटं."

"तुम्ही लिहून दिलंय की तुम्ही मोजलं नाही."

"मोजलं होतं," व्हर्लिन म्हणाला. "बाप मोजतोच ना रे."

डग त्याला समजावू लागला, की तुमची नोकरी, तुमचं पेन्शन, दरवाजावरचं नाव. व्हर्लिनने कागद घडी करून त्याच्या कोटाच्या खिशात ठेवला, जसे आपण परक्याची वस्तू परत करतो. डग फोन कानाला लावून बोगद्यात गेला.

पुढे जे झाले ते तुम्हाला वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. साडेनऊला दुसरी माणसे आली आणि त्यांनी हिरवा मारला. टीव्हीवर मैदान सुरेख दिसले. आपण तो सामना जिंकलो. व्हर्लिनने नवे निवेदन दिले, आणि वसंतात रँडलला काढून टाकले. व्हर्लिनलाही जावे लागले. दक्षिणेची बाजू अजून उघडीच आहे. त्या शनिवारी संध्याकाळी व्हर्लिनने डार्लीनला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ती काय म्हणाली, ते त्याने मला सांगितले नाही, आणि ते मी विचारायचेही नव्हते.

पण मी स्टेडियमात जात नाही, त्याचे कारण हे नव्हे.

डग गेल्यावर आणि ती माणसे येण्यापूर्वी, आम्हा दोघांना तासभर मिळाला. मी शिक्षक माणूस. मी ओळी मोजल्या. सव्वीस पूर्ण होत्या. सत्ताविसावी पूर्वेकडून निघून मध्यापर्यंत आली होती, आणि तिथे एक लांबट तपकिरी डाग होता, माणसाएवढा. दोन तळहातही ओळखू येत होते. व्हर्लिनने सांगितले होते तसेच. मी मागे फिरणार होतो.

मग मला दिसले की त्या डागाच्या अलीकडेही पावले आहेत.

गुरुवारी त्याला ती ऐकू आली नव्हती. ही धावल्याची पावले नव्हती. जवळ-जवळ पडलेली. चाललेली. पस्तीस-चाळीस. पश्चिमेकडे आलेली. मी त्यांच्या शेजारून चालत आलो, आणि ती मला पांढऱ्या रेषेपर्यंत घेऊन आली, थेट नळाच्या खड्ड्यासमोर. तिथे दोन पावले जोडून उभी होती. इतर पावलांहून गडद. गवत मुळापर्यंत करपले होते, इतका वेळ कोणी तिथे उभे होते. बुटांची टोके रेषेकडे. टाचा मैदानाकडे.

व्हर्लिन रेषेच्या बाहेर, त्या पावलांच्या समोर येऊन उभा राहिला. दोघांच्या बुटांत एका रेषेचे अंतर. चार बोटांची पांढरी रेषा.

"मी पाठ फिरवली होती तेव्हा," तो म्हणाला.

माझ्या तोंडी नाम येईना.

मी रेषेच्या आत पुन्हा पुन्हा पाहिले. डावीकडे. उजवीकडे. उजाडले होते, सगळे स्पष्ट दिसत होते. रेषेबाहेर, प्रेक्षकांच्या बाकांपर्यंत, सगळे काँक्रीट, त्यावर काही उमटत नाही.

मैदानात परत गेलेले एकही पाऊल नव्हते.